भाड्याचं आभाळ, आपली जमीन



अध्यक्षाने वर्षभराच्या कामाचा आढावा घ्यावा, असा जळगाव, धुळे, नंदुरबारच्या आपल्या अभियंता परिषदेत रिवाज आहे. तो आढावा कार्यवाहांनी छापून तुमच्या पिशवीत घातला आहे आणि मी घेतला असता त्यापेक्षा तो नक्कीच नेटका आहे. शिवाय मंडपामागून भरिताचा वास यायला लागला आहे. तेव्हा थेट मुद्द्यावर येतो.

५ नोव्हेंबर २०२५ रोजी महाराष्ट्र शासनाने स्टारलिंक या अमेरिकन कंपनीबरोबर इरादापत्रावर सह्या केल्या. उपग्रहावरून इंटरनेट देण्यासाठी या कंपनीशी हात मिळवणारं महाराष्ट्र हे देशातलं पहिलं राज्य. दुर्गम भागातल्या शासकीय संस्था, शाळा, आरोग्य केंद्रं यांच्यासाठी जी नावं पुढे आली, त्यांत गडचिरोली, वाशिम आणि धाराशिवबरोबर आपला नंदुरबार आहे. १९९८पर्यंत नंदुरबार धुळे जिल्ह्यातच होता, म्हणजे हा विषय मुंबई-दिल्लीचा नाही, घरचा आहे.

मी या निर्णयाच्या बाजूचा आहे, हे आधीच सांगून टाकतो. सातपुड्यात, नर्मदेच्या काठावर अशी गावं आहेत की जिथे दवाखाना बोटीत बसून जातो. डोंगरउतारावर तार ओढायची तर दर पावसाळ्यात दरड तिला घेऊन जाते. ज्याच्या घरात फायबर आहे, त्याने धडगावच्या आरोग्यसेविकेला स्वदेशीचे धडे देऊ नयेत. तिला आज रात्री फोन लागला पाहिजे. तो अमेरिकन उपग्रहावरून लागला तरी बाळंतिणीला फरक पडत नाही.

पण आपण अभियंते आहोत. यंत्र सुरू होतं का, हे गिऱ्हाइकाने बघावं. बंद पडलं तर काय, हे आपण बघायचं. आणि इथे ‘बंद पडलं तर’च्या जोडीला ‘बंद केलं तर’ हाही प्रश्न आहे.

दोन्हींचे दाखले ताजे आहेत. २४ जुलै २०२५ला स्टारलिंकची सेवा जगभर अडीच तासांच्या आसपास ठप्प झाली. कारण कोणताही शत्रू नव्हता, कंपनीच्याच अंतर्गत सॉफ्टवेअरचा बिघाड होता. हे झालं बंद पडणं. युक्रेनने २०२२मध्ये क्रिमियातल्या सेवास्तोपोलपर्यंत सेवा चालू करून मागितली तेव्हा आपण ती विनंती मान्य केली नाही, असं इलॉन मस्क यांनी स्वतःच जाहीर केलं. चूक की बरोबर, ते सोडा. एका देशाच्या युद्धातला निर्णय दुसऱ्या देशातल्या एका उद्योगपतीने घेतला, एवढं लक्षात ठेवा. आणि मार्च २०२५मध्ये अमेरिकी सरकारने आपल्या व्यवस्थेतून मिळणारी खासगी कंपनीची उपग्रह छायाचित्रं युक्रेनला काही दिवस बंद केली. तेव्हा कंपनी असो की सरकार, कळ त्यांच्या हातात असते आणि ती दाबायला कारण मिळतंच.

हे ऐकून कुणी म्हणेल, मग नकोच ते परकं. त्यांच्यासाठी मला पन्नास वर्षं मागे जायचं आहे.

१ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ हे एक वर्ष भारताने आभाळ भाड्याने, खरं तर उसनं घेतलं होतं. नासाचा एटीएस-६ हा उपग्रह वर्षभरासाठी आपल्याकडे वळवला गेला आणि सहा राज्यांतल्या २४०० खेड्यांत दूरचित्रवाणी पोचली. महाराष्ट्र त्या सहांत नव्हता, पण या ‘साइट’ प्रयोगाचे कार्यक्रम-व्यवस्थापक होते कोल्हापुरात जन्मलेले एकनाथ वसंत चिटणीस. विक्रम साराभाईंच्या पहिल्या फळीतला हा माणूस ऑक्टोबर २०२५मध्ये पुण्यात, वयाची शंभरी ओलांडून गेला. त्यानंतर काही दिवसांतच मुंबईत स्टारलिंकच्या कागदावर सह्या झाल्या. वर्तमानपत्रांत दोन्ही बातम्या आल्या. त्यांचा एकमेकींशी काही संबंध आहे, असं मात्र कुणी लिहिलेलं माझ्या वाचनात आलं नाही.

संबंध आहे आणि तो असा. १९७५मध्ये उपग्रह अमेरिकेचा होता, पण खेड्यात बसवलेला संच आपला होता. अहमदाबादच्या अवकाश उपयोग केंद्रात त्याची रचना झाली, हैदराबादच्या ईसीआयएलने संच बांधले. तीन मीटर व्यासाची छत्री कशाची होती? कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात त्या जाळीची. ती खेड्यात उभी करायला, वाकली तर सरळ करायला आपली माणसं शिकली. कार्यक्रम आपण केले आणि ते वर पाठवणारं केंद्रही आपलं. ठरल्याप्रमाणे वर्ष संपलं आणि अमेरिकेने उपग्रह परत नेला. गावागावांतले पडदे काळे झाले, लोक हळहळले. पण उपग्रह गेला तरी जमिनीवरची विद्या गेली नाही. पुढे १९८३मध्ये इन्सॅट-१बी आला, तोही अमेरिकेत बांधलेला आणि अमेरिकी शटलमधून गेलेला. १९९२च्या जुलैत इन्सॅट-२ए गेला, तो इथे बांधलेला. म्हणजे उसन्या आभाळापासून स्वतःच्या उपग्रहापर्यंत सोळा वर्षं लागली, आणि ती मधली वाट जमिनीवरूनच गेली.

आता स्टारलिंकची २०२५ची तबकडी पाहा. तिच्यातला ॲन्टेना कंपनीचा, आतलं सॉफ्टवेअर कंपनीचं, ते कधी बदलायचं हेही कंपनीच ठरवणार. दुसऱ्या कुणाच्या उपग्रहाला ती जोडता येत नाही. केंद्राच्या दूरसंचार विभागाने मे २०२५मध्ये उपग्रह सेवेसाठी सुरक्षेच्या अटी घातल्या, त्यांत माहितीचा साठा देशात ठेवणं आहे, २०२९पर्यंत नाविक या आपल्या स्थान-दर्शक उपग्रह व्यवस्थेची जोड देणं आहे, आणि पाच वर्षांत जमिनीवरच्या यंत्रणेत किमान २० टक्के देशी वाटा आणणं आहे. अटी चांगल्या आहेत. पण २० टक्के म्हणजे काय, हे आपल्यापैकी एमआयडीसीत कारखाना चालवणाऱ्यांना मी सांगायला नको. खोकं, स्टँड, वायर आणि नटबोल्ट यांतच ते भरून निघतील. चिटणीसांच्या पिढीने हा हिशेब टक्क्यांत मांडला नव्हता. संच उघडून दुरुस्त कोण करणार, असा मांडला होता.

शेजाऱ्याच्या विहिरीवरून पाणी घ्यायला हरकत नाही, दुष्काळात आपण घेतोच. पण पाइप आणि मोटार आपली हवी, आणि पाळी किती तासांची हे बोलून ठेवलेलं हवं.

उसन्या आभाळाचा आणि आपल्या जमिनीचा मेळ चांगला कसा बसतो, याचं एक उदाहरण तुम्ही सगळ्यांनी पाहिलेलं आहे, फक्त त्या नजरेने पाहिलेलं नाही. ते म्हणजे मोजणीचा रोव्हर. मध्यंतरी यावल तालुक्यात एका शेताच्या मोजणीला मी हजर होतो. पूर्वी साखळी ओढायची, मग टेबल आलं, मग टोटल स्टेशन. आता भूकरमापक एक काठी घेऊन येतो, तिच्या डोक्यावर वाटीएवढा ग्राहक, हातात टॅब. काठीवरचा बुडबुडा मध्यावर आणला, टॅबवर ‘फिक्स’ आलं, की बिंदू घेतला आणि पुढे निघाला. दोन्हीकडचे भाऊबंद बांधावर एकमेकांकडे न बघता उभे. मी टॅबमध्ये डोकावलो. उपग्रहांची यादी होती: अमेरिकेचे जीपीएस, रशियाचे ग्लोनास, युरोपचे गॅलिलिओ, चीनचे बायदू. केळीच्या बागेतल्या चुलत्या-पुतण्यांच्या वादाचा निवाडा करायला जगातल्या चार सत्ता डोक्यावर हजर होत्या, आणि त्यांतल्या दोघी-तिघींचं आपसात जमत नाही.

गंमत सोडा. त्या काठीला अवलंबून म्हणायचं का? मी म्हणणार नाही. चौघांपैकी एक उद्या रुसला तर उरलेल्या तिघांवर काम भागतं. आणि सेंटीमीटरची अचूकता उपग्रह देतच नाहीत. ती येते जमिनीवर पक्क्या बसवलेल्या स्थानकांच्या दुरुस्तीतून, आणि ती स्थानकं भारतीय सर्वेक्षण विभागाची आहेत. वरचं आभाळ चौघांचं, खालची दुरुस्ती आपली. असं अवलंबित्व मला रोज चालेल. भीती एकाच्याच दारात उभं राहण्याची आहे.

मग आपला पाचवा, नाविक, त्याचं काय? इथे मला जरा थांबायचं आहे, कारण या विषयावर आपल्याकडे टाळ्या फार आणि चौकशी कमी.

कारगिलच्या वेळी अमेरिकेने जीपीएस नाकारलं आणि त्यातून नाविक जन्माला आलं, ही गोष्ट प्रत्येक शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात सांगितली जाते. त्या गोष्टीची गरजच नाही. १ मे २००० या दिवसापर्यंत अमेरिका सामान्य माणसाला मिळणारा जीपीएस संकेत मुद्दाम बिघडवून देत होती, स्थान शंभरेक मीटर इकडेतिकडे दाखवील असा, आणि हे धोरण उघड होतं. स्वतःची व्यवस्था उभारायला तेवढं कारण पुरे. पहिला उपग्रह १ जुलै २०१३ला गेला, सातवा २८ एप्रिल २०१६ला, आणि नाविक हे नाव मिळालं. रॉकेट आपलं, उपग्रह आपले, कार्यक्रम आपला.

घड्याळ मात्र स्विस होतं.

ही सगळी विद्या घड्याळाची आहे, हे तुम्ही जाणताच. प्रकाश एका नॅनोसेकंदात ३० सेंटीमीटर जातो. उपग्रहातलं घड्याळ एका मायक्रोसेकंदाने चुकलं तर ३०० मीटरची चूक, म्हणजे शिरपूरच्या शेतकऱ्याचं शेत कागदावर गाडरस्ता ओलांडून पलीकडच्याच्या शिवारात. म्हणून प्रत्येक उपग्रहात रुबिडियमची तीन अणुघड्याळं बसवलेली. ती बाहेरून आणली होती, आणि पहिल्या उपग्रहातली तिन्ही बंद पडली. उपग्रह वर जिवंत, पण वेळ सांगता येईना, म्हणजे स्थान सांगता येईना. न्यायाने बोलायचं तर युरोपच्या गॅलिलिओलाही घड्याळांच्या बिघाडाने छळलंच. पण त्यांच्याकडे संख्या होती. आपण बदली उपग्रह पाठवला, ३१ ऑगस्ट २०१७ला. रॉकेटचं उष्णताकवच उघडलंच नाही आणि उपग्रह आतच अडकला. पुढे अहमदाबादला घड्याळ तयार झालं, २९ मे २०२३ला ते एनव्हीएस-०१मधून वर गेलं. मोठी गोष्ट होती. तिच्या वाट्याला चांद्रयानाच्या शंभराव्या हिश्शाइतकंही कौतुक आलं नाही. त्याच मालिकेतला पुढचा उपग्रह २९ जानेवारी २०२५ला निघाला, श्रीहरिकोट्याचं शंभरावं उड्डाण म्हणून गाजलं. रॉकेटने काम चोख केलं. मग उपग्रहातली एक झडप उघडली नाही, आणि तो ठरल्या कक्षेत पोचला नाही. जुलै २०२५मध्ये संसदेत उत्तर आलं: अकरा सोडले, स्थान सांगण्याचं काम करणारे चार. स्थान काढायला कमीत कमी चारच लागतात.

घड्याळ आणि झडप. परावलंबन आणि फजिती, दोन्ही मोठ्या यंत्रात नसतात. हातात मावणाऱ्या वस्तूत असतात. वरणगाव, भुसावळच्या आयुधनिर्माणींत आयुष्य काढलेले लोक समोर बसले आहेत, त्यांना हे पटेल. माझी तक्रार इस्रोबद्दल नाही, आपल्या कौतुकाच्या सवयीबद्दल आहे. आपण उड्डाण बघतो, सेवा बघत नाही. भुसावळच्या लोको शेडमधून निघणाऱ्या इंजिनाचं ठिकाण अर्ध्या मिनिटाला उपग्रहावरून कळावं, अशी व्यवस्था रेल्वेने इस्रोच्या मदतीने बसवली आहे. तिच्यावर कुणी भाषण केलेलं मी ऐकलेलं नाही. गाडी कुठे आहे हे बरोबर कळलं, ही बातमी होत नाही.

आता धुळ्याकडे वळू. साक्री तालुक्यात ब्राह्मणवेलच्या पठारावर पवनचक्क्यांचं रान आहे. २४ फेब्रुवारी २०२२च्या पहाटे, रशियाचं सैन्य युक्रेनमध्ये शिरण्याच्या तासभर आधी, व्हायासॅट कंपनीच्या का-सॅट उपग्रहाच्या सेवेवर हल्ला झाला. लक्ष्य युक्रेनचं सैन्य होतं. पण त्याच उपग्रहावरून जर्मनीतल्या एनरकॉन कंपनीच्या ५८०० पवनचक्क्यांवर दुरून देखरेख चालायची. ती तुटली. चक्क्या फिरत राहिल्या, कारण त्या आपोआप चालणाऱ्या होत्या. पण बिघाड झाला तर दुरून कळणार नाही, प्रत्येकीच्या पायथ्याशी माणूस पाठवावा लागणार. उपग्रहाला ओरखडाही आला नव्हता. हल्लेखोर जमिनीवरच्या व्यवस्थापन यंत्रणेतून शिरले आणि हजारो मोडेमची स्मृती त्यांनी पुसून टाकली. मोडेम बदलायला कितीतरी आठवडे गेले.

आपल्या पठारावरच्या चक्क्या कशावरून बोलतात, ती वाट तुटली तर दुसरी कोणती, मोडेमचे सुटे संच धुळ्यात आहेत की कुठे परराज्यात? पवनऊर्जेतले सभासद इथे आहेत, त्यांनी परतल्यावर हे एकदा विचारून घ्यावं. मी उत्तर मागत नाही. प्रश्न विचारलेला असावा, एवढंच.

शेतीबद्दल थोडक्यात. केळीच्या विम्यात लागवड आहे की नाही, याच्या पडताळणीत उपग्रह छायाचित्रं आली. खोटे दावे निघाले, हे चांगलंच झालं. पण खरी लागवड असून ‘वरून दिसली नाही’ म्हणून नाकारलेला माणूसही मला भेटला आहे. ते चित्र त्याला दाखवलं गेलं पाहिजे, कोणत्या तारखेचं, ढगाखालचं की मोकळं. युरोपचा सेंटिनेल-२ दर पाच दिवसांनी दहा मीटर बारकाईची चित्रं जगाला फुकट देतो; पीक सल्ला देणारी कित्येक ॲप्स त्यावर उभी आहेत. युरोपच्या करदात्याने उद्या हात आखडला तर आपल्या ॲपवाल्यांचा धंदा कशावर चालणार, हाही विचार कुणी करत नसावा.

आणि देशादेशांतली अशी मैत्री किती टिकते? उपग्रहावरून इंटरनेट देणाऱ्या वनवेब या कंपनीत २०२२मध्ये भारती समूह आणि ब्रिटिश सरकार भागीदार होते. तिचे ३६ उपग्रह त्या वर्षीच्या मार्चमध्ये बैकोनूरला रशियन रॉकेटवर चढलेले, उड्डाणाला दिवस उरलेले; युद्धाच्या वादात रशियाने अट घातली, उड्डाण रद्द झालं, उपग्रह तिथेच अडकले. मग कंपनी श्रीहरिकोट्याला आली आणि २३ ऑक्टोबर २०२२ला, ऐन दिवाळीत, आपल्या रॉकेटने ३६ उपग्रह नेले. मार्च २०२३मध्ये आणखी ३६. म्हणजे कुणाच्या तरी अडचणीत आपणही दुसरी वाट झालो. दुसरी बाजूही सांगतो: नोव्हेंबर २०२४मध्ये आपलाच जीसॅट-एन२ हा ४७०० किलोचा उपग्रह आपल्या रॉकेटला जड झाला म्हणून फ्लोरिडातून मस्क यांच्या फाल्कनवर गेला. देवाणघेवाण अशी चालते. तिची लाज नको आणि फुशारकीही नको.

चाळीसगावजवळ पाटणला आपण सहली नेतो आणि भास्कराचार्यांच्या नावाने छाती फुगवून येतो. इस्रोने १९७९मध्ये भास्कर नावाचा उपग्रह सोडला तेव्हा तो सोव्हिएत रॉकेटवरून, कापुस्तिन यार इथून गेला होता; नाव आपलं, उचलणारा परका. पण पाटणचा शिलालेख वाचावा तो वेगळ्या कारणासाठी. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी मठ काढला, आणि त्या मठाला काय मिळालं, ते लेखाच्या शेवटी जुन्या मराठीत कोरलेलं आहे. पाटणच्या पेठेत विकल्या जाणाऱ्या मालावर राजाचा जो कर होता, तो मठाला दिला गेला. आठशे वर्षांपूर्वी या खानदेशात आकाशाच्या अभ्यासाचा खर्च बाजारातल्या उलाढालीवर टाकला होता आणि तो दगडावर लिहून ठेवला होता. आजच्या उपग्रह सेवांच्या परवाना शुल्कातला ठरावीक वाटा विद्यापीठांतल्या आणि तंत्रनिकेतनांतल्या भू-यंत्रणेच्या प्रयोगशाळांना का देऊ नये? बहिणाबाई चौधरी विद्यापीठाच्या आवारात दोन-चार प्रकारच्या तबकड्या उघडून ठेवल्या, विद्यार्थ्यांना तपासू दिल्या, तरी सुरुवात होईल.

आता ठरावाकडे. संध्याकाळच्या खुल्या अधिवेशनात ‘अंतराळ क्षेत्रात देश आत्मनिर्भर व्हावा, अशी ही परिषद मागणी करते’ असा ठराव येणार आहे. तो एकमताने मंजूर होईल, आणि दिल्लीत त्याची पोच तेवढी मिळेल. मला त्यात दुरुस्ती सुचवायची आहे. नंदुरबारची आरोग्य केंद्रं आणि शाळा उपग्रहाला जोडताना अंतिम करारात सेवा खंडित करण्याचा अधिकार कुणाला आणि किती दिवसांच्या नोटिशीने, हे लिहिलेलं असावं. प्रत्येक तालुक्याच्या ठिकाणी जोडणी आणि दुरुस्तीचं काम स्थानिक आयटीआयच्या मुलांना शिकवण्याची जबाबदारी कंपनीवर असावी. आणि एकही आरोग्य केंद्र केवळ एकाच वाटेवर सोडू नये, मग ती दुसरी वाट भारतनेटची असो, वनवेबची असो की पोलिसांच्या बिनतारी यंत्राची. हे जिल्हाधिकाऱ्यांकडे द्यायचं निवेदन आहे, पंतप्रधानांकडे नव्हे.

अध्यक्षाने दुरुस्ती मांडावी की नाही, याबद्दल आपल्या घटनेत काही लिहिलेलं नाही. मी रात्री बघून ठेवलं. मसुदा कार्यवाहांकडे दिला आहे. सूचक मी आहे. अनुमोदक नंदुरबारचा मिळाला तर बरं होईल.